वॉर्डातून रेल्वे जाणार म्हणतात: नगरसेवकाने पहिल्या दिवसापासून काय करायचं

बातमी छापून आली की दुपारपर्यंत शाखेत माणसं जमतात. प्रश्न एकच असतो, "भाऊ, आपली चाळ जाते का?" त्या दिवशी याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. आणि नेमक्या त्याच दिवशी नगरसेवक कॅमेऱ्यासमोर "एक इंचही जागा देणार नाही" असं बोलून बसतो.

रेल्वे हा केंद्राच्या यादीतला विषय आहे. महापालिकेने नाही म्हटलं म्हणून मार्ग रद्द होत नाही. शिवाय एकदा असं वाक्य बोललं गेलं की अभियंते तुमच्याकडे नकाशा घेऊन येणं बंद करतात, आणि नकाशाशिवाय तुम्ही लोकांना काहीच सांगू शकत नाही. उलट स्वागताचा फ्लेक्स लावणारेही तितकेच फसतात, कारण दोन महिन्यांनी त्याच फ्लेक्सखाली नोटीस मिळालेली माणसं उभी राहतात. मार्ग कुठून जावा यावर स्थानिक प्रतिनिधीचं फार चालत नाही. त्या मार्गाखालून नाला, पायवाट आणि गाडी कशी जाईल, घर गेलेल्यांना नवं घर कुठे मिळेल, यावर मात्र बरंच चालतं. अट एवढीच की ते मुदतीत आणि मोजमापासह मागितलेलं असावं.

पहिले दोन दिवस

निवेदन चार ओळींचं पुरे: "सर्वेक्षण चालू आहे की भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे, हे मी लेखी विचारलं आहे. नकाशा मिळाला की शाखेत लावू. तोवर कुणीही कोऱ्या कागदावर सही करू नये आणि घाईने घर किंवा जमीन विकू नये." शेवटचं वाक्य गाळू नका. बातमीनंतर आठवड्याभरात दलाल फिरू लागतात. "सरकार काही देणार नाही, मी रोख देतो" म्हणत ते जमीन उचलतात आणि पुढे मोबदला स्वतःच्या नावावर घेतात.

रेल्वे कुणाची, काम कुठल्या पायरीवर

ठाणे-नवी मुंबईत "रेल्वे" म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या संस्था असू शकतात. उपनगरी मार्ग बहुधा एमआरव्हीसीकडे, म्हणजे मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशनकडे असतो. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के आहे. नेरूळ–उरण मार्गाचा खर्च सिडको आणि रेल्वे यांनी ६७:३३ असा वाटून घेतला. म्हातार्डीला ठाण्याचं स्थानक असलेला ५०८ किलोमीटरचा बुलेट ट्रेन मार्ग एनएचएसआरसीएलचा, म्हणजे राष्ट्रीय हाय-स्पीड रेल्वे महामंडळाचा. मेट्रोचा कायदा पूर्ण निराळा आहे. वर्तुळाकार मेट्रोची तक्रार घेऊन रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाकडे गेलात तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

मग पायरी ओळखा. प्राथमिक सर्वेक्षण, अंतिम स्थान सर्वेक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजुरी, "विशेष रेल्वे प्रकल्प" म्हणून राजपत्रात घोषणा आणि त्यानंतर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम २०अ ची अधिसूचना, असा साधारण क्रम असतो. शेतात खुंट्या ठोकल्या किंवा भिंतीवर लाल रंगाने आकडे मारले म्हणजे जमीन गेली असं नव्हे. मात्र मार्ग सरकवून घ्यायचा असेल तर अंतिम स्थान सर्वेक्षण चालू असतानाच बोलायला हवं. अहवालावर सही झाल्यावर दहा मीटरसुद्धा हलवणं जड जातं.

मंजुरी आणि रूळ यांत किती काळ जातो, हेही लोकांना सांगून ठेवा. ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यावरून गाड्या धावल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये. कळवा–ऐरोली उन्नत मार्ग डिसेंबर २०१६ मध्ये एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्थानक १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं, पण मार्ग मागे राहिला, कारण मधल्या वस्तीच्या पुनर्वसनाचा गुंता.

कागद मागवताना

माहिती अधिकाराचा अर्ज इथे लागतोच, आणि इथेच पहिली चूक होते. मध्य रेल्वे, एमआरव्हीसी, एनएचएसआरसीएल ही केंद्राची कार्यालयं आहेत. तिथे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर द्या किंवा ऑनलाइन अर्ज करा, कोर्ट फी स्टँप चालत नाही. सिडको, महापालिका, भूमी अभिलेख ही राज्याची, तिथे १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो. पण राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळे प्रश्न एकाच अर्जात कोंबले की तो परत येतो आणि महिना वाया जातो.

"प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहू नका. नाव घेऊन मागा: चेनेजसह (मार्गावरचे किलोमीटर-मीटरचे आकडे) मार्गाचा आराखडा आणि उंचीचा छेद, वॉर्डातल्या प्रत्येक मोरीचं (रुळांखालून पाणी जायच्या वाटेचं) व पुलाचं मांडणी रेखाचित्र, पाण्याच्या विसर्गाची आकडेमोड, वापरलेल्या बेंचमार्कची (पातळी मोजायच्या पक्क्या खुणांची) यादी, बाधित गट क्रमांकांची यादी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील टाका.

नकाशा घेऊन चालणं

रेल्वेचा नकाशा किलोमीटरमध्ये बोलतो आणि गाव गट नंबरात. ही दोन्ही एका कागदावर आणणं हे तुमचं सगळ्यात उपयोगाचं काम. गावनकाशा आणि गटबुक नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, एखादा निवृत्त भूमापक सोबत घ्या आणि प्रत्यक्ष चाला. ४/३५० (४ किलोमीटर ३५० मीटर) म्हणजे देवळामागचा पिंपळ, ४/५०० म्हणजे पाण्याची टाकी, अशा खुणा लिहीत जा.

चालता चालता तीन याद्या होतात. पहिली सातबारा किंवा मालमत्ता पत्रक असलेल्यांची. यात वारसनोंद न झालेली खाती आत्ताच बाजूला काढा. आजोबांचं नाव उताऱ्यावर असेल आणि मागे अकरा वारस असतील, तर मोबदला वाटपाविना अडकून पडतो आणि भाऊबंदकी कोर्टात जाते. तलाठ्याकडून फेरफार करून घ्यायला जी सवड लागते, ती फक्त या टप्प्यावर असते.

दुसरी यादी कागद नसलेल्यांची, आणि नवी मुंबईत ती मोठी आहे. जमीन पूर्वीच सिडकोने संपादित केलेली, त्यामुळे अधिसूचनेत मालक म्हणून सिडकोच दिसते. गावठाणाला लागून गरजेपोटी बांधलेल्या घरात राहणाऱ्या प्रकल्पग्रस्ताचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं, म्हणून त्याला नोटीसही जात नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतली नोंद आणि घरासमोर उभ्या कुटुंबाचा तारखेसह फोटो, असा संच प्रत्येकाचा करून ठेवा.

तिसरी यादी कुणी करतच नाही. ज्यांची जागा जात नाही पण रेल्वेहद्दीपासून ३० मीटरच्या आत येते, त्यांना पुढे इमारत बांधताना किंवा पुनर्विकास करताना रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. दिवा-कळव्याच्या जुन्या इमारतींना हे नोटीस आल्यावर नव्हे, दहा वर्षांनी बिल्डर आल्यावर कळतं.

तीस दिवस

आधी अधिसूचना कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा. रेल्वे कायद्याचं कलम २०अ असेल तर हरकतीला कलम २०ड प्रमाणे ३० दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ असेल तर ६० दिवस. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून धरा. वर्तमानपत्रातली जाहिरात नंतर येते आणि ती वाचून दिवस मोजणारे हमखास उशिरा पोचतात.

दुसरा गैरसमज पर्यावरणाच्या जनसुनावणीचा. रेल्वेमार्ग २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळे अशी सुनावणी होत नाही. रेल्वे कायद्याखाली संपादन असेल तर सामाजिक परिणाम अहवाल आणि ७०-८० टक्के संमतीची अटही लागू नसते. "जनसुनावणी घ्या" म्हणत आंदोलनात महिना घालवला की खरी सुनावणी, म्हणजे २०ड ची, निसटते.

हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची. तो अधिकारी अधिसूचनेत नमूद असतो, बहुतेकदा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादनाचा उपजिल्हाधिकारी. रेल्वेमंत्र्यांना पाठवलेलं निवेदन ही हरकत नव्हे. पाचशे सह्यांचं एक पत्र फोटोला बरं दिसतं, पण प्रत्येक खातेदाराची वेगळी हरकत, गट नंबर आणि क्षेत्रासह, दोन प्रतींत हवी. एका प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला कागद सुनावणीत दिलाच नव्हता असं धरलं जातं. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं.

मजकूर असा असू द्या: "चेनेज ४/३५० ते ४/६०० दरम्यान मार्ग १२ मीटर पश्चिमेला घेतल्यास माझ्या घरासह नऊ घरं वाचतात. पश्चिमेला पालिकेचा मोकळा भूखंड आहे. नकाशा जोडला आहे." पण हे लिहिण्याआधी हिशोब करा. रूळ रस्त्यासारखे वळत नाहीत. एका जागी १२ मीटर सरकायचं तर दोन्ही बाजूंना काही शे मीटर मार्ग हलतो, म्हणजे वाचलेल्या नऊ घरांसमोर नव्याने जाणारी घरंही मोजायला हवीत. "उन्नत करा" या मागणीचंही तेच. १०० ला १ चढ धरला तर १० मीटर वर जायला एक किलोमीटरचा उतार लागतो, आणि तो उतार कुणाच्या तरी दारात उतरतो.

मोरी

आगासन, दिवा, कळवा, ऐरोलीकडची खाडीलगतची जमीन सखल आहे. तिच्यावर मातीचा भराव टाकला की तो धरणासारखा वागतो. इथे रेल्वे कायद्याचं कलम १६ तुमच्या कामाचं आहे. रेल्वेमुळे जमिनीच्या वापरात जो खंड पडतो तो भरून काढायला पूल, मोऱ्या, वाटा रेल्वेने स्वखर्चाने द्यायच्या, आणि आजूबाजूच्या जमिनीचं पाणी मार्ग होण्यापूर्वी जितकं मोकळं वाहत होतं तितकंच मोकळं वाहील एवढी सोय करायची, असं त्यात म्हटलं आहे. पत्रात "नागरिकांच्या भावना तीव्र आहेत" लिहिण्यापेक्षा या कलमाचा उल्लेख करा.

"पूर्वी जितकं" हे मात्र तुम्हाला सिद्ध करावं लागतं, तेही भराव पडण्यापूर्वी. नाल्याचा छेद मोजा. समजा नाला ६ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे, म्हणजे ९ चौरस मीटर. रेखाचित्रात ९०० मिलिमीटरचे दोन पाइप दाखवले असतील तर त्यांचं एकूण क्षेत्र सव्वा चौरस मीटर, नाल्याच्या सातव्या हिश्शाएवढं. हा एक आकडा बैठकीत जे काम करतो ते मोर्चा करत नाही. अभियंता वेगाचं सूत्र सांगेल, ते ऐकून घ्या. मग विचारा की पाइपात अर्धा गाळ बसल्यावर तोच वेग राहील का. पाइपाऐवजी चौकोनी मोरी मागा, आणि ती माणूस आत उभा राहून गाळ काढू शकेल एवढी उंच असू द्या. ९०० च्या पाइपात सफाई कामगार वाकून शिरतो, आणि गाळ तिथेच राहतो.

पुराची पातळी सांगताना २६ जुलै २००५ च्या खुणा शोधा. जुन्या घरांच्या भिंतींवर, देवळाच्या पायरीवर, दुकानाच्या शटरवर लोक अजून बोट ठेवून दाखवतात. प्रत्येक खुणेची पातळी ऑटो लेव्हल या पातळीमापक यंत्राने घ्या, तीही रेल्वेच्याच बेंचमार्कवरून. भूमापकाचं एका दिवसाचं काम आहे. दहा-बारा खुणा झाल्या की खोट्या आपोआप बाजूला पडतात, कारण पाणी सगळीकडे साधारण एकाच उंचीवर उभं राहतं.

इथे एक खड्डा आहे. पेपरात "आज ४.८ मीटरची भरती" असं येतं ती उंची चार्ट डेटमवरून (सागरी नकाशांच्या खालच्या शून्य पातळीवरून) मोजलेली असते, आणि रेल्वेच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीवरून. मुंबईत या दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.८ ची भरती रेल्वेच्या नकाशात साधारण २.३ वर येते. हा फरक न कळता "तुमची मोरी भरतीच्या पाण्याखाली जाते" असं बोललात की समोरचा अभियंता हसतो, आणि उरलेले बरोबर मुद्देही त्या हसण्यात वाहून जातात. मोरीचा तळ खरोखरच भरतीखाली असेल, तर भरतीचं पाणी उलटं वस्तीत शिरू नये म्हणून झडप मागा. झडप मिटलेली असताना पावसाचं पाणी कुठे साठणार, हेही विचारा. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव केले ते याच कारणाने.

फाटक आणि पायवाट

जुन्या मार्गाला समांतर नव्या मार्गिका येणार असतील तर फाटक जातंच. खारेगावचं फाटक पूल झाल्यावर बंद झालं. पूल मंजूर करायला रेल्वे टीव्हीयू मोजते, म्हणजे रोजच्या गाड्यांच्या फेऱ्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, आणि एक लाखाचा आकडा हा जुना निकष आहे. दिवसाला २०० फेऱ्या, ३०० मोटारी आणि ६०० रिक्षा असतील तर गुणाकार १,८०,००० होत नाही. रिक्षा अर्धी धरतात, त्यामुळे १,२०,००० होतो. पायी माणूस या हिशोबात नाहीच. दिव्यासारख्या ठिकाणी तर फाटकातून जाणाऱ्यांत पायी माणसंच जास्त. म्हणून वाहनांचा पूल आणि पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग अशा दोन वेगळ्या मागण्या लावा. पादचारी मोजणी सकाळी ७ ते १० आणि शाळा सुटण्याच्या वेळेला, सलग सात दिवस करा. वाहनांच्या पुलावरून म्हातारी माणसं चढून जात नाहीत, रूळच ओलांडतात.

खाडीकाठ

तिवरं तोडायची असतील तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार तिवरं तोडायची मुभा डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाकडूनच घ्यावी लागली. महापालिका हद्दीतल्या इतर झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाची नोटीस निघते आणि हरकतीला सातच दिवस मिळतात. नोटीस झाडाला चिकटवलेली असते, तेव्हा रोज एक कार्यकर्ता त्या रस्त्याने जाऊ द्या.

कोळीवाड्याकडे सातबारा नसतो, म्हणून तो प्रत्येक यादीतून गळतो. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पारंपरिक मासेमारीचा हक्क मान्य केला आणि भरपाईचा मार्ग खुला झाला. होडीची नोंदणी, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व, जाळी लावायच्या जागांचा नकाशा, एवढं आत्ताच गोळा करा.

मोबदला आणि घरं

२०१५ पासून रेल्वे कायद्याखालच्या संपादनालाही २०१३ च्या कायद्याचे मोबदल्याचे नियम लागू आहेत: बाजारमूल्य आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. बाजारमूल्य ठरवताना रेडी रेकनर आणि मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी यांतलं जास्त धरतात. स्टँप ड्युटी वाचवायला कमी किमतीची खतं करण्याची सवय इथे गावाच्याच अंगावर येते.

खाजगी वाटाघाटीने थेट खरेदी दिली तर राज्याच्या १२ मे २०१५ च्या शासन निर्णयाप्रमाणे २५ टक्के जादा मिळतात. रक्कम लवकर येते, पण खरेदीखतावर सही झाली की वाढीव मोबदल्याचा दावा संपतो. कुणाला काय सोयीचं, हे ज्याचं त्याने वकिलाला विचारून ठरवावं. नगरसेवकाने गावाच्या वतीने दर ठरवायला बसू नये. दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागतात.

झोपडपट्टीतल्या कुटुंबांना एमयूटीपीच्या धोरणात २२५ चौरस फुटांचं घर आहे. तिथली खरी लढाई सर्वेक्षणाच्या दिवसाची असते. त्या दिवशी दाराला कुलूप असेल तर घर "बंद" म्हणून लिहिलं जातं आणि पुढे वर्षभर कुटुंब कार्यालयांत खेटे घालतं. सर्वेक्षणाच्या तारखा आधी लेखी घ्या, कामावर जाणाऱ्यांच्या गल्लीत संध्याकाळची फेरी लावून घ्या, आणि दारावर मारलेला क्रमांक व यादीतला क्रमांक त्याच रात्री ताडून बघा.

महासभेचा ठराव

नुसता "विरोध" किंवा "पाठिंबा" एवढाच ठराव फाइलला लागतो. महापालिकेच्या हातात खरोखर असलेल्या गोष्टी तीन: पालिकेची जमीन, जी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे महासभेच्या मंजुरीशिवाय देता येत नाही, विकास आराखड्यातले फेरबदल, आणि जलवाहिन्या-मलवाहिन्यांचं स्थलांतर. ठराव याच तिन्हींना बांधा. उदाहरणार्थ: "अमुक भूखंड देण्यास पुढील अटींवर मान्यता: नाला क्रमांक अमुकवर किमान इतक्या मापाची चौकोनी मोरी, शाळेजवळ पादचारी भुयारी मार्ग, बाधित कुटुंबांचं पुनर्वसन त्याच प्रभाग समितीच्या हद्दीत." जमीन देऊन झाल्यावर अटी आठवल्या तर त्यांना कुणी विचारत नाही.

आमदारांना लक्षवेधीसाठी आणि खासदारांना लोकसभेच्या नियम ३७७ खालच्या सूचनेसाठी हाच मजकूर द्या, आकडे न बदलता. तिघांच्या पत्रांत बाधित घरांचे तीन आकडे असले की रेल्वेचं उत्तर "माहिती तपासून घेत आहोत" एवढंच येतं. स्थानकाच्या नावाचा आग्रह असेल तर तोही आत्ताच, गावाच्या नावाचं जुनं महसुली स्पेलिंग जोडून पाठवा. फलक लागल्यावर बदल करायला फार वर्षं जातात.

काम सुरू झाल्यावर

पहिल्या पावसात पाणी तुंबतं ते बहुधा रेल्वेच्या मोरीमुळे नव्हे, ठेकेदाराच्या तात्पुरत्या रस्त्यामुळे. डंपर जायला नाल्यावर माती टाकून खाली एक पाइप सरकवलेला असतो. ३१ मेपूर्वी तो काढण्याची लेखी हमी घ्या आणि १ जूनला फोटो काढून या. मोरी बांधून होत असताना तिचा तळ रेखाचित्राप्रमाणे आहे का, हे त्याच भूमापकाकडून तपासून घ्या. तळ वीस सेंटिमीटर वर राहिला तरी मागची वस्ती ओली राहते.

फाइलच्या पहिल्या पानावर मार्ग सार्वजनिक वाहतुकीसाठी खुला झाल्याची तारीख लिहून ठेवा. कलम १६ खाली जादा मोरी किंवा वाट रेल्वेच्या खर्चाने मागायची मुदत त्या तारखेपासून दहा वर्षांत संपते. त्यानंतर कलम १७ उरतं, म्हणजे काम रेल्वे करणार आणि पैसे महापालिका भरणार.